'एंटरप्राइझ'वर चाहते का रुसले?

२६ सप्टेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर 'स्टार ट्रेक' या अंतराळ-विज्ञानकथेच्या घराण्यातली 'एंटरप्राइझ' मालिका सुरू झाली, तेव्हा अमेरिकेत पहिला भाग सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिला. १३ मे २००५ ला शेवटचा भाग लागला तेव्हा चाळीस लाखही उरले नव्हते. १९८७ पासूनच्या आधीच्या तिन्ही 'स्टार ट्रेक' मालिका सात-सात सीझन चालल्या. ही चौथ्यातच, ९८ भागांवर आटोपली.

कल्पनेत खोट नव्हती. कथा २१५१ सालची, १९६० च्या दशकातल्या मूळ मालिकेच्या कॅप्टन कर्कच्या शतकभर आधीची. फेडरेशन हा ग्रहांचा संघ अजून जन्मायचाय, माणसाचं पहिलं वॉर्प-५ (प्रकाशाहून कितीतरी वेगवान) जहाज नुकतंच निघालंय, आणि क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरमधून सामान पाठवतात, माणसं सहसा जात नाहीत. सवयीच्या सोयी काढून घेतल्या की लेखकाला नव्या अडचणी मिळतात, हा त्यामागचा हिशेब. सहनिर्माते ब्रॅनन ब्रागा यांना तर पहिला सीझन बराचसा पृथ्वीवर, जहाज बांधलं जाताना घडवायचा होता. वरून होकार आला नाही. वरच्यांना भविष्याशी जोडलेलं काहीतरी हवं होतं, म्हणून काळात मागेपुढे जाणाऱ्या टोळ्यांचं 'टेम्पोरल कोल्ड वॉर' कथेला चिकटवलं गेलं. ते शेवटपर्यंत उपरंच वाटलं.

मग काढलेल्या सोयी मागच्या दारानं परत आल्या. फेझर ही नेहमीची किरणशस्त्रं नाहीत, पण फेझ पिस्तुलं आहेत. जहाजाभोवतीची ऊर्जेची ढाल नाही, पण जहाजाच्या पत्र्याचं पोलरायझेशन आहे, आणि मारा बसला की तेही ढालीसारखंच टक्क्याटक्क्यानं उतरतं. ज्या ट्रान्सपोर्टरची भीती, त्यातून या जहाजाचा कॅप्टन आर्चर पहिल्याच कथेत सुखरूप बाहेर येतो. दुसरं जहाज किरणानं ओढून घेणाऱ्या ट्रॅक्टर बीमऐवजी दोरानं फेकायचा आकडा वापरला, तो बदल मात्र खरा होता. त्यात अंगमेहनत दिसायची.

जुन्या चाहत्यांना सगळ्यात जास्त झोंबलं ते इतिहासाशी केलेलं हातचलाखीचं वागणं. १९६६ च्या 'बॅलन्स ऑफ टेरर' भागात रोम्युलन या शत्रू परग्रहवासीयांचं अदृश्य होणारं जहाज पाहून कर्कचे लोक चकित होतात. इथे तशी जहाजं शंभर वर्षं आधीच समोर येतात. फेरेंगी आणि बोर्ग या परग्रही जमातींशी माणसांची गाठ १९८७ च्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेत पहिल्यांदा पडली असं सगळे धरून चालले होते. तेही इथे हजर, फक्त नाव न सांगता. नाव नाही म्हणजे ओळख नाही, अशी ही पळवाट!

शिवाय थकवा होता. १९८७ पासून एकही वर्ष 'स्टार ट्रेक'विना गेलं नव्हतं आणि १९९० च्या दशकभर सूत्रं निर्माते रिक बर्मन यांच्याकडेच होती. सीझनला २६ भाग भरायचे म्हटल्यावर आधीच्या 'व्हॉयेजर' मालिकेत पाहिलेल्या गोष्टी नव्या गणवेशात येऊ लागल्या. शीर्षकगीताबद्दल तर न बोललेलं बरं: वाद्यसंगीताच्या परंपरेत अचानक पॉप गाणं, आणि तेही आधी एका सिनेमात वाजलेलं. पहिली दोन वर्षं नावात 'स्टार ट्रेक' हे शब्दही नव्हते. तिसऱ्या सीझनला घाईनं जोडले.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी झिंडी हे परग्रहवासी पृथ्वीवर हल्ला करून ७० लाख माणसं मारतात आणि तिसऱ्यात वर्षभर एकच सलग कथा चालते, हा सुधार होता. चौथ्यात लेखक-निर्माते मॅनी कोटो यांनी दोन-तीन भागांच्या कथा घेऊन तुंबलेली उत्तरं दिली: माणसांचे परग्रही सोबती व्हल्कन इतके आडमुठे का, १९६० च्या दशकातल्या मालिकेतल्या लढाऊ क्लिंगॉन जमातीच्या कपाळावर उंचवटे का नव्हते. पण हे वरातीमागून घोडं. तोवर मालिका शुक्रवारी रात्री ढकलली गेली होती. अखेरचा भाग तर 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या रायकर या अधिकाऱ्यानं होलोडेकवर (खरं वाटणारं आभासी दृश्य उभं करणाऱ्या खोलीत) पाहिलेला खेळ निघाला. स्वतःच्या निरोपसमारंभात आर्चरची मंडळी पाहुणी.

२०१७ ला आलेल्या 'डिस्कव्हरी' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेनंही कर्कच्या दहा वर्षं आधीचाच काळ धरला. पुन्हा क्लिंगॉनांचे चेहरे बदलले, पुन्हा तीच भांडणं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी लेखकांनी जहाजच ९३० वर्षं पुढे, ३२व्या शतकात पाठवून दिलं.