प्रॉड पडलं की ‘कोणी केलं?’ विचारायचं का नाही

मागे एका कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. रात्री प्रॉडवर (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर) चुकीची स्क्रिप्ट चालली, सकाळच्या कॉलवर वीस जण, आणि पहिलाच प्रश्न ‘कोणी केलं?’ ज्याने केलं तो पोरगा म्यूटवर. आरसीएच्या, म्हणजे मूळ कारण शोधायच्या, एक्सेलमध्ये कारण लिहिलं ‘मानवी चूक’, मिटला विषय.

आता मॅनेजर लोक ब्लेमलेस पोस्टमॉर्टेमबद्दल (कोणालाही दोष न देता बिघाडाचं कारण शोधणं) बोलतात, पण ही आयडिया मुळात आयटीची नाहीच, बरीचशी विमानवाल्यांची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरचे पायलट जमिनीवर उतरल्यावर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच वर घ्यायचे, विमान पोटावर बसायचं आणि शेरा ठरलेला, पायलटची चूक. अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्हीचे खटके शेजारीशेजारी आणि हाताला अगदी सारखेच लागणारे! मग चाकाच्या खटक्याला चाकाचा आकार दिला, फ्लॅप्सच्या खटक्याला पंखाचा. बदलले ते खटके, पायलट नाही.

पुढे १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येताना डोंगराला धडकलं, ९२ माणसं गेली. वाईट म्हणजे काही आठवडे आधी तिथेच युनायटेड कंपनीचं विमान थोडक्यात वाचलेलं, त्यांनी आपल्या पायलटना सावधही केलेलं, पण दुसऱ्या कंपन्यांपर्यंत ते पोचलंच नाही. मग चुका कळवायची एक सिस्टिम काढली, आणि १९७६ पासून ती चालवायला दिली नासाकडे, कारण दंड करणारं खातं वेगळं, त्यांच्याकडेच जाऊन कबुली कोण देणार? (आपल्याकडे अप्रेझल करणारा आणि चूक विचारणारा एकच माणूस असतो ते सोडा.)

साधारण ९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असं वाटलेलं, निघाल्या जास्त, कारण तिथल्या नर्सेस चुका सांगत होत्या, बाकीकडे झाकत होत्या. त्यांच्या १९९९ च्या पेपरपासून सायकॉलॉजिकल सेफ्टी (चूक न घाबरता सांगता येणं) हा शब्द गाजला, नंतर गूगलने स्वतःच्या १८० टीम तपासल्या तेव्हाही हाच मुद्दा सगळ्यात वर आला.

आयटीत जेराल्ड वाईनबर्ग हे लेखक १९७१ लाच सांगत होते की कोडमधला बग म्हणजे स्वतःचा अपमान समजू नका, पण प्रॉड पडल्यावर ते कोणाला आठवतंय. २०१२ मध्ये एट्सी या ऑनलाइन खरेदीच्या साइटच्या जॉन ऑलस्पॉ यांनी यावर लिहिलं आणि ब्लेमलेस हा शब्द तोंडात बसला.

मला आवडतं ते गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या साइटचं, उदाहरण. ३१ जानेवारी २०१७, रात्री उशिरा एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवर डिलीट मारलं, थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले. रिपोर्टमध्ये त्याचं नाव नाही, प्रश्न होता बॅकअप का नव्हता. तर डेटाबेसचं व्हर्जन जुळत नसल्याने बॅकअप रोज फेल होत होता, फेल झाल्याचे मेलही निघत होते, पण मेल सर्व्हर ते परत पाठवत होता, त्यामुळे कोणालाच पत्ता नाही. शेवटी डेटा परत आला तो सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमधून (डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीमधून), आणि तो घेतला होता त्याच इंजिनिअरने.