प्रकाशसंश्लेषणाचे मर्यादक घटक

हिरव्या वनस्पतींमधील प्रकाशसंश्लेषणाचा वेग प्रकाश, तापमान, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण आणि पाणी या बाह्य घटकांवर मुख्यत्वे अवलंबून असतो. इतर घटक पुरेसे असूनही ज्या एका घटकाच्या तुटवड्यामुळे हा वेग वाढू शकत नाही, त्यास त्या स्थितीतील मर्यादक घटक म्हणतात.

ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या न्यूनतमाच्या नियमाचा (सर्वांत अपुरे असलेले पोषकद्रव्य पिकाची वाढ ठरवते) हा विस्तार होय, असे अनेक ठिकाणी म्हटलेले आढळते. परंतु लीबिग यांचा नियम पिकाचे उत्पादन व पोषकद्रव्ये यांविषयीचा होता, तर ब्लॅकमन यांचा रोख प्रत्येक घटकाचे एक ठराविक इष्टतम मूल्य असते या त्या काळी रूढ असलेल्या समजुतीवर होता. त्यामुळे ब्लॅकमन यांचा विचार या समजुतीचा प्रतिवाद मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्लॅकमन व मॅथाई यांच्या पानांवरील प्रयोगांत मंद प्रकाशात तापमान वाढवून वेग फारसा वाढला नाही, तीव्र प्रकाशात मात्र तो स्पष्टपणे वाढला. प्रकाशरासायनिक टप्प्याखेरीज तापमानावर अवलंबून असलेला दुसरा, प्रकाशाची थेट गरज नसलेला टप्पाही या क्रियेत असला पाहिजे, हे अनुमान याच निरीक्षणांतून पुढे आले.

ब्लॅकमन यांच्या मते एका वेळी एकच घटक वेग ठरवतो, म्हणून एखादा घटक वाढवत गेल्यास वेगाचा आलेख सरळ चढून एका बिंदूशी एकदम आडवा झाला पाहिजे. प्रत्यक्षात तो हळूहळू वळतो, असा आक्षेप जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्डर यांनी १९२१ मध्ये घेतला. पानातील सर्व हरितलवकांना सारखा प्रकाश मिळत नाही. वरच्या थरातील हरितलवके प्रकाशाने संपृक्त झाली तरी खालची अपुऱ्या प्रकाशात राहतात, आणि या वळणाचे बरेचसे स्पष्टीकरण एवढ्याने मिळते. फार्कर, फॉन केमेरर व बेरी यांच्या १९८० च्या प्रतिमानातही रुबिस्को या कार्बन डाय-ऑक्साइड बांधून घेणाऱ्या विकराची कार्यक्षमता आणि ज्याच्याशी तो वायू जोडला जातो त्या रिब्युलोज बिसफॉस्फेटाचे प्रकाशावर अवलंबून असलेले पुनर्निर्माण यांनी ठरणाऱ्या वेगांपैकी कमी असलेला वेग ग्राह्य धरतात. मूळ तत्त्व त्यामुळे टाकाऊ ठरत नाही, ते मात्र बाह्य घटकांऐवजी पानातील अंतर्गत टप्प्यांना लागू होते.

तापमान वाढल्यावर रुबिस्को कार्बन डाय-ऑक्साइडाऐवजी ऑक्सिजनाशी अधिक प्रमाणात संयोग पावते व त्यातून होणाऱ्या प्रकाशश्वसनात बांधलेला कार्बन काही अंशी परत सुटून निव्वळ वेग घटतो. भात व गहू या सी-३ वनस्पतींना (ज्यांत प्रथम तीन कार्बन अणूंचे संयुग बनते) हा तोटा सोसावा लागतो. ऊस, मका, ज्वारी व बाजरी या सी-४ वनस्पती (ज्यांत प्रथम चार कार्बन अणूंचे संयुग बनते) रुबिस्कोभोवती कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढवून तो बव्हंशी टाळतात, म्हणून उष्ण व प्रखर उन्हाच्या प्रदेशांत त्या सरस ठरतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे २८० भाग प्रतिदशलक्षांवरून आता ४२० च्या पुढे गेला आहे. याचा थेट लाभ सी-३ वनस्पतींना तुलनेने अधिक होतो, परंतु नायट्रोजन अपुरा असल्यास तो टिकत नाही.

पाण्याचा परिणाम बहुधा अप्रत्यक्ष असतो: ताण पडताच पर्णरंध्रे मिटतात व कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रवेश रोखला जातो. भर दुपारी अनेक पिकांचा वेग मंदावण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. उलट पावसाळ्यात पाणी मुबलक असते, तेव्हा ढगाळ आकाशामुळे प्रकाशच मर्यादक ठरू शकतो. सिंचनाखालील उन्हाळी भाताला या बाबतीत खरिपातील भातापेक्षा अनुकूल स्थिती मिळते. मॅग्नेशियम व लोह यांच्या अभावी हरितद्रव्याची निर्मिती घटते आणि त्यामुळेही वेग कमी होतो.