आधी सावली मांडा, मग दिवा लावा

एकाच मश्रूम कोरलचे, म्हणजे चकतीसारख्या प्रवाळाचे, दोन तुकडे मी टाकीत लावले होते. एक दगडाच्या माथ्यावर, अगदी दिव्याखाली. दुसरा त्याच दगडाच्या कपारीत, वीतभर खाली. तीन आठवड्यांनी वरचा आक्रसून शर्टाच्या बटणाएवढा झाला होता आणि रंग उडून फिकट पडला होता. खालचा बशीसारखा पसरलेला, गडद तांबूस. पाणी तेच, क्षार तेच, तापमान तेच. फरक फक्त प्रकाशाचा, आणि तो फरक दिव्याने नाही, दगडाने केला होता.

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायला घेणारे बहुतेक जण आधी दिवा निवडतात आणि दगड नंतर ‘छान दिसतील असे’ रचतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. छोट्या टाकीत दिवा एकच असतो. त्या एका दिव्याचे दहा वेगवेगळे उजेड करून देतात ते दगड.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं भाडेकरूसारखी राहतात. प्रकाशसंश्लेषण करून बनवलेल्या अन्नातला मोठा वाटा हेच भाडं. उजेड कमी पडला की शैवालांची संख्या आणि त्यांतलं रंगद्रव्य वाढतं, आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागतं. उजेड झेपेनासा झाला की शैवालांच्या आत ऑक्सिजनची घातक, अतिक्रियाशील रूपं तयार होतात. मग प्राणी भाडेकरूंनाच बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. हेच ब्लीचिंग. समुद्रात त्याचं मुख्य कारण तापलेलं पाणी असतं. घरच्या टाकीत मात्र हौसेने पूर्ण ताकदीवर लावलेला नवा एलईडी पुरतो.

उजेड किती आहे हे डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो आणि निळ्याला फारच कमी. लक्स मोजणारी यंत्रं याच डोळ्याच्या हिशेबाने बनवलेली असतात. त्यामुळे निळ्या एलईडीखाली टाकी मंद, संध्याकाळसारखी वाटते आणि प्रवाळ तिथे भर दुपार भोगत असतं. शैवालांच्या दृष्टीने महत्त्वाचं मोजमाप म्हणजे ‘पार’ (PAR): ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, हे मायक्रोमोल या एककात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या घरात जातो. टाकीत इतका कोणालाच नको असतो. मश्रूम ५० च्या आसपासही खुशाल असतात, बहुतेक मऊ प्रवाळांना १०० च्या आगेमागे पुरतो आणि ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळांना साधारण २०० ते ४०० लागतो. पार मीटर महाग असतो. विकत घेण्यापेक्षा कोणाकडून एका दिवसासाठी मागून आणावा.

दिव्यात एवढा निळा रंग कशासाठी, असं नेहमी विचारलं जातं. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं आणि निळा खोलवर जाऊ देतं. शैवालांचं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य निळ्या-हिरव्या पट्ट्यावरच चांगलं चालतं. पण तुमच्या टाकीत पाणी असतं जेमतेम ३५ सेंटिमीटर, आणि तेवढं पाणी प्रकाश फारसा खात नाही. खाली उजेड कमी होतो तो मुख्यतः दिव्यापासूनचं अंतर वाढल्याने आणि झोत पसरल्याने. निळ्याचा दुसरा फायदा आपल्यासाठी आहे: प्रवाळांमधली चमकणारी प्रथिनं निळा प्रकाश घेऊन हिरवा, नारिंगी, लाल परत देतात. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा प्रथिनांचा शोध घेतला तेव्हा लाल प्रथिन सापडलं ते डिस्कोसोमामध्ये, म्हणजे आपल्या मश्रूमच्याच घराण्यात. आज प्रयोगशाळांत पेशी रंगवायला त्याचीच सुधारलेली रूपं वापरतात.

आता दगड. १९६० च्या सुमारास इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी चालवून दाखवली. दगड ‘जिवंत’ म्हणायचे ते त्यांच्या भोकाभोकांत वसलेल्या जिवाणूंमुळे. पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले काही जण नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. कोरडा दगड आणला तर ही वसाहत उभी राहायला कित्येक आठवडे लागतात. तेवढे दिवस दिवा मंद किंवा बंदच ठेवावा, नाहीतर पहिलं पीक नको असलेल्या शेवाळाचं येतं.

मांडणी पाण्याबाहेर करावी. टेबलावर टाकीच्या तळाएवढा कागद ठेवून त्यावर दगड रचायचे, खोलीत अंधार करायचा आणि दिवा जिथे टांगणार त्या उंचीवर टॉर्च धरायचा. कोणती कपार उजळते, कोणती काळी राहते, हे दोन मिनिटांत कळतं. एकाच ठिपक्यातून येणाऱ्या एलईडीची सावली धारदार असते. पाण्यातल्या सुंदर लाटालहरींचं जाळंही त्याच कारणाने दिसतं. एकसंध भिंत रचली तर माथा उजेडात आणि बाकी सगळं अंधारात. त्यापेक्षा कमी-जास्त उंचीचे दोन ढीग, मधे मोकळी वाट आणि पायऱ्यांसारखे कट्टे बरे. काचेपासून चार बोटं अंतर ठेवा. पुसायला हात गेला पाहिजे आणि मागे पाणी खेळतं राहिलं पाहिजे, नाहीतर घाण तिथेच साचते. आणि दगड तळाच्या काचेवर टेकवून मगच वाळू घाला. मी वाळूवर रचले होते. पिस्तूल कोळंबीने खालून बोगदा काढला आणि एका रात्री माथ्याचा दगड काचेवर येऊन टेकला. काच वाचली, झोप गेली.

नवं प्रवाळ कुठलंही असो, आधी खालच्या पायरीवर बसवा आणि आठवड्या-आठवड्याने वर न्या. माझा तो बटणाएवढा मश्रूम मी खाली कपारीत हलवला. पुन्हा बशीएवढा व्हायला त्याला दोन महिने लागले.

कट्ट्यांमधली जागा मात्र रात्री तपासा. दिवसा युफिलिया आणि शेजारचं झोआंथस या दोन प्रवाळांत सहा-सात सेंटिमीटर अंतर होतं, भरपूर वाटावं असं. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून पाहिलं, तर युफिलियाच्या कडेने दोन लांबसडक, काचेसारखे पारदर्शक, डंख करणारे धागे बाहेर निघाले होते आणि प्रवाहात झुलत शेजाऱ्याला चाचपत होते.