न उपटलेला मुळा

वाफ्यात कुदळ मारली की पहिली वीत सहज जाते आणि मग ठण्णकन काहीतरी लागते. दगड नसतो, मातीच असते. वर्षानुवर्षे पडलेली पावले, ढकलगाडीची चाके आणि दरवेळी तेवढ्याच खोलीपर्यंत जाणारी कुदळ यांनी मिळून तिथे एक घट्ट थर बसवलेला असतो. पाणी त्याच्यावर तुंबते, झाडांची मुळे त्याला थडकून आडवी पसरतात. आपण मोठी कुदळ आणतो. थर फुटतो, पण त्याबरोबर गांडुळांची बिळे, जुन्या मुळांच्या वाटा आणि मातीचे कण बांधून ठेवणारे बुरशीचे धागेही मोडतात. मग दोन-चार मोठ्या पावसांत सुटी झालेली माती पुन्हा दबून बसते.

हेच काम मुळ्याकडून करून घेता येते. अट एकच, तो उपटायचा नाही.

यासाठी लांब, पांढरा, जाड मुळा हवा. लाल गोल मुळा महिन्याभरात तयार होतो खरा, पण त्याची धाव उथळ. लांब मुळ्याचा जाड भाग 30 ते 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्या टोकाला लागून दोऱ्याएवढे बारीक सोटमूळ मीटरभर, माती चांगली असेल तर त्याहूनही खोल जाते. (आपण ज्याला मुळा म्हणतो त्याचा वरचा भाग मुळात मूळच नाही. बीजपत्रांच्या खालचे खोड फुगून तो बनतो. म्हणूनच बरेचदा मुळा जमिनीबाहेर डोके काढून उभा दिसतो.)

इतके मऊ, पाणीदार मूळ टणक मातीत शिरते कसे? मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि त्या दाबाने टोक पुढे रेटले जाते. हा दाब सुमारे एक मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या चार-पाच पट असू शकतो. टोकावरून बुळबुळीत द्रव आणि सुट्या झालेल्या पेशी गळत राहतात, त्यांनी घर्षण कमी होते. पण मुळ्याची खरी हातोटी जाड होण्यात आहे. टोक अडले तरी त्याच्या मागचा भाग फुगतो, बाजूची माती सारतो, तिला भेगा पाडतो आणि टोकापुढचा ताण सैल होतो. शिवाय जाड मूळ दाबाखाली वाकत नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रे वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम दाबून घट्ट केलेल्या जमिनीत मुळा, मोहरीच्या कुळातले रेपसीड आणि राय नावाचे तृणधान्य लावून पाहिले. माती घट्ट होत गेली तशी रायची तंतुमुळे मागे पडली. घट्ट थराच्या पलीकडे सर्वांत जास्त मुळे पोचली ती मुळ्याची.

यानंतर मुळ्याने मरायचे असते. थंड प्रदेशात हे आपोआप होते. तापमान उणे 4 ते उणे 7 अंशांवर काही रात्री राहिले की तो मरतो. जिथे एवढी थंडी पडत नाही तिथे फुलोरा यायच्या आधी पाला फुटतो त्या डोक्यासकट वरचा भाग कापावा, पाला तिथेच पसरावा आणि मूळ जमिनीत राहू द्यावे. फुलावर येऊ दिला तर मूळ लाकडासारखे होते आणि डिंगऱ्या धरून गळलेले बी पुढच्या हंगामात तण म्हणून उगवते. मुळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. त्यामुळे तो भराभर कुजून आक्रसतो आणि त्या जागी उभे भोक उरते. पावसाचे पाणी त्यातून सरळ खाली उतरते, माती लवकर वाफशावर, म्हणजे चिखल न होता ओल राहील अशा अवस्थेत येते.

कुजतानाचा वास मात्र सोसावा लागतो. त्यातला मिथेनथायॉल हा गंधकयुक्त वायू आणि स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास एकाच रासायनिक कुळातले. त्यामुळे गॅस गळतोय अशी कोणाची समजूत झाली तर नवल नाही.

मुळा हवेतला नायट्रोजन बांधत नाही, ते काम शेंगवर्गीय पिकांचे. आधीच्या पिकाने न वापरलेले, पाण्याबरोबर खोल निघालेले नायट्रेट तो पकडून पाल्यात साठवतो. जमिनीत शिल्लक असेल तर हेक्टरी 100 किलो किंवा त्याहून जास्त नायट्रोजन असा वर येतो. पण पाला झटकन कुजत असल्याने तो तितक्याच लवकर मोकळाही होतो. लगेच पुढचे पीक लावले नाही तर वाळूमय जमिनीत सारी कमाई परत वाहून जाते. मातीत सेंद्रिय पदार्थांचा टिकाऊ साठा व्हावा म्हणून एकटा मुळा लावण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यासाठी सोबत ओट घालावेत, त्यांचे काड सावकाश कुजते.

बी चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम पुरते, खोली एक-दीड सेंटिमीटर. दाट पेरले की सगळे बोटाएवढेच राहतात, म्हणून विरळणीत हात आखडू नये. तीन-चार आठवड्यांत पाने जमीन झाकतात आणि उजेडाअभावी बारीक बियांचे तण उगवत नाही. पाणी तुंबणाऱ्या जागी मुळा टिकत नाही, आणि फारच टणक, कोरड्या मातीत तो खाली जायचे सोडून वर उचलला जातो. वाफसा असताना पेरणे हाच त्यावर उपाय. कोबी-फ्लॉवरच्या आधी किंवा नंतर मुळा लावू नये. कुळ एक, म्हणून रोग आणि किडीही त्याच. मुळांशी मैत्री करणारी मायकोरायझा बुरशीही या कुळाच्या वाट्याला जात नाही.

पुढचे पीक भोकांच्या आसपास लावावे. भोकाच्या कडेची माती तपासली तर तिथे पिकाला मिळू शकेल असा फॉस्फरस जास्त आढळतो. महिन्या-दीड महिन्याने एखादे रोप मातीसकट हळूच काढून पाहा. जुन्या मुळ्याच्या तपकिरी नळीतून नवी पांढरी मुळे सरळ खाली, कुदळ जिथे ठण्ण वाजायची त्याच्याही खाली गेलेली दिसतील.