तुलना आधी, आकडा नंतर: लहान-मोठं शिकवण्याची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांत माळ्यावर शोधलं तर धान्य मोजायचं एखादं चिपटं, मापटं अजून हाती लागतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळी उतरंड निम्मं-दुप्पट यावर उभी. आकडे न येणारं पोरही भात मोजताना शेजारी बसून शिकायचं, की चिपटं दोनदा ओतलं की मापटं भरतं. पहिलं माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. आणि माप शिगोशीग भरायचं की वर हात फिरवून सपाट, हे आधी ठरलेलं असे. एकाने शीग ठेवली आणि दुसऱ्याने सपाट केलं, तर तीच पायली दोघांना वेगवेगळी पडे. बालवाडीतल्या तुलनेची पहिली अट हीच आहे: दोन्ही बाजूंना एकच नियम.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पाढे गिरवले जात. त्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा. पाठांतर कंटाळवाणं असे, पण बाहेर बाजारात सोळा आण्यांचा रुपया आणि घरात शेर-पायली असल्याने त्या पाढ्यांना हाताशी काही तरी वस्तू होती.

हा आधार थोड्याच वर्षांत गेला. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षाच्या शेवटी वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला. दशमान पद्धत सोयीची, यात शंका नाही. पण ‘निम्मं’ डोळ्याला दिसतं, ‘दहावा भाग’ दिसत नाही. किलो आणि मीटर पुस्तकात आकड्यांसकट आले, आणि एकक ठरण्याआधीची ‘यात जास्त की त्यात?’ ही पायरी वर्गात आखडली.

तीच पायरी दुसऱ्या वाटेने परत आली. मारिया माँटेसरींनी १९०७ला रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, १ सेंमीपासून १० सेंमी बाजूचे. बाजू दहापट झाली तरी लाकूड हजारपट होतं, म्हणून फरक डोळ्याआधी हाताला कळतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या नूतन बालशिक्षण संघाने (१९२६) ही पद्धत आपल्याकडे रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तुलनेचे खेळ हळूहळू अंगणवाडीपर्यंत पोचले. केंद्र सरकारच्या २०२१च्या निपुण भारत मोहिमेत संख्याज्ञान हे पायाभूत उद्दिष्ट आहे.

मुलं कुठे चुकतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवलं. सहा चिंचोके एका ओळीत, सहा दुसऱ्या ओळीत, समोरासमोर. चार-पाच वर्षांचं मूल ‘सारखे’ म्हणतं. एक ओळ जरा पसरली की तेच मूल ‘इकडे जास्त’ म्हणतं. ते मोजायला चुकलेलं नसतं. लांबी आणि संख्या त्याच्यासाठी अजून वेगळी झालेली नसते. ‘मोज बरं’ म्हणून उपयोग होत नाही, सहा-सहा मोजूनही ते तेच सांगतं. जोड्या लावायला द्याव्यात: प्रत्येक वाटीत एक चिंचोका, उरलेला कोणता ते बघ. पाण्याचंही तसंच. एकाच तांब्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की ‘जास्त’ आणि पसरट वाडग्यात ओतलं की ‘कमी’. परत तांब्यात ओतून दाखवायचं, बोलायचं कमी.

लांबीत चूक बहुधा टोकाची. दोन्ही काड्यांचं एकेक टोक भिंतीला टेकवल्याशिवाय ‘लांब कोणती’ विचारू नये. दोन जमल्या की तीन काड्या क्रमाने, मग हलवता न येणाऱ्या दोन वस्तूंसाठी सुतळी, मग वीत, आणि पट्टी सगळ्यांत शेवटी. वजनासाठी काठीला दोन करवंट्या टांगल्या की तागडी होते. मात्र दोऱ्या मध्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. रिकामी तागडी आडवी राहिली नाही, तर पुढचं सगळं खोटं. दगड आणि त्याहून मोठा थर्माकोलचा तुकडा तोलल्यावर ‘मोठं ते जड’ हा समज हलतो. < > ही चिन्हं १६३१ला इंग्रज गणिती टॉमस हॅरियट यांच्या पुस्तकात छापली गेली. मुलांना ती इतक्या सगळ्यानंतर द्यावीत. चिन्ह म्हणजे मगरीचा जबडा, आणि ‘मगरीचं तोंड मोठ्याकडे’ एवढंच शिकवलं, तर मूल बारीक अक्षरातला ५ सोडून मोठ्या अक्षरातल्या ३कडेही तोंड वळवतं.

सीमाभागात भाषेची बाजू वाटते त्याहून सोपी आहे. मराठीत ‘झाडापेक्षा’, कन्नडमध्ये ‘मरक्किंत’. दोन्हींकडे जोड झाडालाच लागते, विशेषण तसंच राहतं. घोळ एकाच शब्दात लपलेल्या अर्थांचा. ‘मोठा कोण?’ विचारलं की मूल थोरल्या भावाकडे बोट दाखवतं, तो बुटका असला तरी. ‘बारकं’ म्हणजे लहान, आणि काटकुळंही. म्हणून प्रश्न ‘उंच कोण?’ असा विचारावा, आणि दोघांना सपाट जमिनीवर पाठीला पाठ लावून, चपला काढून उभं करावं.