पार्श्वभूमी : एका आठवड्याच्या कॅम्पमागचं वर्ष

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक वाळवंटात 'बर्निंग मॅन' हा लाकडी पुतळा जाळण्याचा उत्सव भरतो. तिथे कलेचा कॅम्प उभारणाऱ्या स्वयंसेवकांचं काम मात्र कित्येक महिने आधी सुरू होतं, आणि सुरू होतं ते एका फॉर्मपासून. माणसं किती, जागा किती लांब-रुंद हवी, ट्रक कुठे लावणार, जनरेटर कुठे, भांड्यांच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याचं काय करणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही देणार काय. सोबत कॅम्पचा नकाशा. बेभान म्हणून गाजलेल्या उत्सवाला सांडपाण्याची एवढी काळजी कशाला, असं नवख्या माणसाला वाटतंच. पण त्या फॉर्ममधले बरेचसे रकाने कुठल्या ना कुठल्या फजितीतून, भांडणातून नाहीतर अपघातातून आलेले आहेत.

१९८६ च्या जूनमध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर आठेक फुटी लाकडी माणूस नेऊन जाळला. बघायला जमली वीसेक माणसं. ना संस्था, ना परवाना, ना वर्गणी. पुढच्या तीन-चार वर्षांत पुतळा चाळीस फुटांवर गेला आणि गर्दीही वाढली. १९९० साली पोलिसांनी पुतळा उभा करू दिला, पण जाळायला मनाई केली. त्याच सुमारास 'कॅकोफोनी सोसायटी' ही शहरात नाना उपद्व्याप करणारी मंडळी ब्लॅक रॉक वाळवंटात सहल काढायच्या बेतात होती. पुतळा त्यांच्याबरोबर निघाला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीत शंभराच्या आतच माणसं तिथे पोचली, त्या मंडळींतल्या मायकेल मिकेलने जमिनीवर एक रेघ ओढली आणि सगळ्यांनी ती मिळून ओलांडली.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. इथे वाळू नाही. लाहोंटन नावाच्या प्राचीन तलावाचा हा आटलेला तळ, परातीसारखा सपाट. तिथले लोक त्याला 'प्लाया' म्हणतात. इतका सपाट, की १९९७ साली 'थ्रस्ट एसएससी' या गाडीने ध्वनीपेक्षा जास्त वेग गाठला तो याच जमिनीवर. वरची धूळ पिठासारखी बारीक आणि क्षारयुक्त. अनवाणी फिरलात तर टाचा भेगाळतात, म्हणून पाय व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुवायचे. सावली शून्य, पाणी शून्य. माणशी रोज दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरांहून थोडं जास्त पाणी आपलं आपण न्यायचं. अशा जागी एकट्याने तग धरणं कठीण जातं. माणसं गटाने राहू लागली त्यामागे कलेच्या आधी ही साधी गरज होती, असं मला वाटतं.

गटाने राहण्याला 'थीम' चिकटली ती १९९३ मध्ये, आणि तीही थट्टेतून. पीटर डोटी नावाच्या गृहस्थाने त्या रणरणत्या उन्हात सांताक्लॉजचा वेष चढवून 'ख्रिसमस कॅम्प' थाटला. ख्रिसमसची गाणी लावायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातावर फ्रूटकेक ठेवायचा, एवढाच कार्यक्रम. पहिला थीम कॅम्प म्हणून नोंद आहे ती याची. आजच्या फॉर्ममधल्या 'तुम्ही लोकांना देणार काय' या रकान्याचा मूळपुरुष हाच सांता. पुढच्या दोन-तीन वर्षांत असे कॅम्प भराभर वाढले. 'इथे प्रेक्षक कुणी नाही' ही घोषणा त्याच काळातली.

मग १९९६ आलं. तोवर संख्या आठेक हजारांवर गेली होती. रस्ते आखलेले नव्हते आणि गाड्या रात्रीच्या अंधारात कुठूनही कुठेही सुसाट जायच्या. उत्सव सुरू व्हायच्या आधीच उभारणीतला एक सहकारी मोटारसायकल अपघातात गेला. नंतर एक गाडी झोपलेल्या लोकांच्या तंबूंवर गेली आणि माणसं गंभीर जखमी झाली. आयोजकांतच फूट पडली. पुतळ्याला निऑनचे दिवे चढवणारे जॉन लॉ बाहेर पडले. पुढच्या वर्षी उत्सव जवळच्या हुआलापाई फ्लॅटवर, खासगी जमिनीवर भरवावा लागला, तर स्थानिक काउंटीने गेटवर जमलेली रक्कम ताब्यात घेतली. उत्सव तिथेच संपला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

तो टिकला तो बऱ्याच अंशी एका नकाशामुळे. रॉड गॅरेट या उद्यानरचनाकाराने शहर आखून दिलं: मध्ये पुतळा, भोवती एका बाजूने उघडं वर्तुळ, त्याला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे दोनपासून दहापर्यंत मधून बाहेर निघणारे रस्ते, आणि वर्तुळाकार रस्त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं. 'साडेसात आणि ई' असा पत्ता सांगितला की माणूस धुळीच्या वादळातही घर शोधू शकतो, निदान शोधायला सुरुवात तरी करू शकतो. मनाला येईल तशी गाडी हाकणं बंद झालं. जागा ठरवून द्यायची पद्धत रुजली, आणि स्वयंसेवकांच्या वाट्याला फूटपट्टी घेऊन ट्रकची लांबी मोजणं आलं.

कलेच्या बाजूने मोठं वळण २००० साली आलं. शिल्पकार डेव्हिड बेस्ट यांच्या तुकडीतला एक मित्र उत्सवाच्या तोंडावर मोटारसायकल अपघातात गेला. तुकडीने आपली लाकडी वास्तू त्याला वाहिली. लोक येऊन तिच्यावर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहू लागले. दुसऱ्या वर्षी 'टेम्पल ऑफ टीअर्स' उभं राहिलं, आणि तेव्हापासून मंदिर ही प्रथाच पडली. आधीच्या मंदिरांना लाकूड कुठलं, तर खेळण्यातले डायनासोर कापून झाल्यावर उरलेल्या प्लायवूडच्या चौकटी. दुरून पाहिलं तर नक्षीदार जाळी, जवळ गेलं तर कारखान्याची रद्दी. शनिवारी पुतळा जळतो तेव्हा आरडाओरडा असतो. रविवारी मंदिर जळताना हजारो माणसं गप्प बसलेली असतात.

जळणं ऐकलं की आपल्याला होळी आठवते. मला मात्र या कॅम्पांच्या तयारीत गणपतीचा मांडव जास्त दिसतो: वर्गणी, कुणाचा टेम्पो, कुणाचं गोदाम, आदल्या रात्री सापडत नसलेली वायर. मांडवासाठी रस्त्यात खड्डे खणले की आपल्याकडे महापालिका मंडळांना दंड लावते. तिथला हिशेब याहून कडक आहे. जमीन केंद्र सरकारची, आणि परवाना देणारा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट उत्सवानंतर तपासणी करतो. एकरी सरासरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडता कामा नये. कचऱ्याला तिथे शब्द आहे 'मूप', म्हणजे जागा सोडून पडलेली वस्तू. त्यात टिकली आली, लाकडाचा भुसा आला, सिगारेटचं थोटुक आलं. सगळे गेल्यावर सफाईची तुकडी रांगेत चालत जमीन न्याहाळते आणि मग शहराचा रंगीत नकाशा निघतो: हिरवा चांगला, पिवळा बेताचा, लाल म्हणजे पुढच्या वर्षी जागा मागताना मान खाली. थेट जमिनीवर मोठी आग केली तर खालची माती विटेसारखी भाजून निघते, म्हणून जाळायच्या कलाकृतीखाली आधी खडीचा थर नाहीतर वेगळा चौथरा लागतो. सांडपाणी ओतायचं नाही हेही त्यातूनच आलं. काही कॅम्प काळ्या प्लास्टिकचं उथळ टाकं करून ते उन्हात आटवायला ठेवतात. पहिल्या वादळात त्याचा चिखल होतो आणि तो चिखल कुणीतरी घरी न्यायचा असतो.

२००४ मध्ये हार्वी यांनी दहा तत्त्वं लिहून काढली. मुळात ती इतर गावांत आणि देशांत उभ्या राहणाऱ्या गटांसाठी होती. भेट द्या, विकू नका. स्वतःच्या बळावर राहा. मागे खूण ठेवू नका. भाड्याच्या ट्रकवरचं कंपनीचं नाव चिकटपट्टीने झाकणारे कॅम्प यातलंच एक तत्त्व पाळत असतात.

तत्त्वं लिहिली गेली, पण तिकिटांनी वेगळाच पेच आणला. २०११ मध्ये पहिल्यांदा सगळी तिकिटं संपली. २०१२ ला सोडत काढली, तर जुन्या कॅम्पांतल्या बऱ्याच माणसांना तिकीटच लागलं नाही. स्वयंपाकी आत आणि वायरमन बाहेर, अशी गत. शेवटी खुल्या विक्रीसाठी ठेवलेली १०,००० तिकिटं कॅम्पांना आणि कलाकारांच्या गटांना द्यावी लागली. कॅम्पांसाठी राखीव तिकिटांची पद्धत तिथून आली. दुसरीकडे पैसेवाल्यांसाठी तयार कॅम्प निघाले. पाहुणे विमानाने येणार, तंबू दुसऱ्याने ठोकलेला, जेवण आयतं. २०१४ च्या सुमारास यावर बराच वाद झाला, आणि २०१९ मध्ये आयोजकांनी जागावाटपाचे नियम कडक करायचं जाहीर केलं. तंबू स्वतः ठोका, हे आता तत्त्व म्हणून सांगावं लागतं.

२०२० आणि २०२१ ला महासाथीमुळे वाळवंटात अधिकृत उत्सव भरला नाही. २०२३ ला तर ऐन उत्सवात पाऊस आला. त्या बारीक धुळीचा असा चिखल झाला, की दहा पावलांत बुटाखाली वीतभर थर. फाटक बंद झालं, सत्तरेक हजार माणसं अडकली, आणि शनिवारी जळायचा पुतळा सोमवारी रात्री जळला. तेव्हापासून कोरडं अन्न आणि जास्तीचं पाणी किती न्यायचं, यावर कॅम्पांच्या बैठकीत अंमळ जास्त वेळ जातो.

तंबू ठोकायची रीतही बदलली आहे. पूर्वी लोखंडी सळया घणाने ठोकायचे. रात्री त्यांच्या टोकांवर नडग्या फुटायच्या, म्हणून टोकाला टेनिसचा चेंडू खोचायचे. काढताना तर सळई हलायची नाही. आता बरेच जण फूटभर लांबीचे लॅग बोल्ट, म्हणजे जाड स्क्रू, इम्पॅक्ट ड्रायव्हर या विजेच्या हत्याराने जमिनीत फिरवून बसवतात. उलटं फिरवलं की निघतात. जाण्याआधी ते मोजायचे. एकशे वीस आणले असतील आणि बादलीत एकशे अठरा भरले, तर दोघंजण लोहचुंबकाची काठी घेऊन पुन्हा जमिनीवर वाकतात.