कामाचा भार वेगळा, कामाचा ताण वेगळा

‘साहेबांना केवढं काम, म्हणून तर त्यांना बीपी!’ हे वाक्य आता कानाला सहन होत नाही. भार म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको: कामं जास्त, वेळ कमी. पण जितका भार तितका ताण, हा हिशेब चुकीचा आहे.

ब्रिटनमध्ये १९६७ साली सुमारे १८ हजार सरकारी नोकरदार पुरुषांची पाहणी सुरू झाली, तीच व्हाइटहॉल पाहणी. मोठ्या जबाबदारीवाल्यांचंच हृदय आधी थकणार, असा सगळ्यांचा समज. निघालं उलटंच. शिपाई, दरवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत (तिच्यात स्त्रियाही होत्या) त्यामागचं एक मोठं कारण सापडलं: आपल्या कामात आपलं किती चालतं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं. मागणी जास्त आणि मुभा कमी, ही जोडी घातक.

फोनवर तक्रारी ऐकणारा माणूस बघा. कानाला हेडफोन, स्क्रीनवर पळणारे सेकंद. समोरचा शिव्या देतोय, तरी ठरलेलंच वाक्य बोलायचं. एक फोन संपतो न संपतो तोच दुसरा आदळतो. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारायचं. आठ तास शस्त्रक्रिया करणारा सर्जनही दमतो, पण पुढचा टाका कुठे घालायचा हे तो स्वतः ठरवतो. फोनवाल्याचं शरीर मात्र धोका समोर असल्यासारखं सज्ज राहतं आणि त्याला ना लढता येतं, ना पळता.

पण म्हणून काही भार निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ३५ ते ४० तासांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम केल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के वाढतो. तिथे तास कमी करणं हाच उपाय.

पण मुभाच नसेल तिथे ध्यानाचं शिबिर भरवून ‘ताण घेऊ नका’ म्हणणं मला संतापजनक वाटतं. ताण त्या माणसाने घेतलेला नाही, कामाच्या रचनेतून तो त्याच्यावर आलाय. पुढचा फोन कधी घ्यायचा एवढं तरी त्याला ठरवू द्या. लघवीला जाण्यासाठी परवानगी घ्यायची अट तर आजच रद्द करा.